तिसऱ्या डब्यातली गणती

परवा गडमुडशिंगीच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला आणि मी स्कूटर बंद करून मुकाट्यानं उभी राहिले. पुढं सहा ट्रॉल्या, त्यांच्या मधोमध अडकलेली एक बैलगाडी, अंगावर उडणारा पाचटाचा चुरा आणि एका ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेलं गाणं. एरवी अशा वेळी माझं बोट हॉर्नवरून निघत नाही. रांग दिसली की माझं डोकं फिरतं, हे माझ्या घरच्यांना, दुकानातल्यांना आणि निम्म्या गावाला माहीत आहे. परवा मात्र मागच्या शेतातून गुऱ्हाळाच्या धुराचा वास आला, शिजत्या रसाचा, थोडा गोड, थोडा करपट. आणि त्याच वेळी लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. सकाळची मिरज गाडी. मी घड्याळ बघितलं. गाडी वेळेवर होती. एवढ्यानंच मला इतकं हलकं वाटलं, की ट्रॅक्टरवाल्याला हात करून म्हटलं, जाऊ द्या सावकाश.

कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्याकडं हिवाळा लागतो. स्वेटर त्यानंतर निघतात. सकाळी पंचगंगेवर धुकं उतरतं, काठावरच्या उसाचे नुसते शेंडे दिसतात, रस्ताभर चिपाडं पडलेली असतात आणि दाराच्या कडीपासून सायकलच्या मुठीपर्यंत सगळ्याला एक चिकटपणा येतो. दरवर्षी हे सगळं येतं आणि दरवर्षी मला एकच हंगाम आठवतो, चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी आणि आई आठवड्यातले पाच दिवस सकाळच्या गाडीनं मिरजेला जात होतो. मोजायला गेलं तर जेमतेम पाच आठवडे. पण माझ्या मनात तो सबंध एक काळ होऊन बसला आहे.

आईचं ऑपरेशन दिवाळीआधी मिरजेला झालं होतं. छातीतली गाठ काढली, डाव्या बाजूचं सगळंच काढलं, आणि जखम भरत आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की आता पंचवीस लाईट घ्यायला लागतील. रेडिएशनला आमच्याकडं सगळे लाईट म्हणतात. शनिवार-रविवार सुट्टी, बाकी मध्ये खंड पडू द्यायचा नाही, पंचवीसच्या पंचवीस झालेच पाहिजेत, असं डॉक्टरांनी मला दोनदा बजावलं. यंत्राखाली दहा मिनिटं लागायची. त्या दहा मिनिटांसाठी जाऊन-येऊन निम्मा दिवस जायचा.

भाऊ म्हणाला होता, मी नेतो. नेमकी त्याच आठवड्यात आमच्या उसाला कारखान्याची तोड आली, आणि तोड चालू असताना रान सोडून हलता येत नाही. ज्यांचा ऊस आहे त्यांना यापुढं काही सांगायची गरज नाही. मग मी कोल्हापुरातलं माझं घर नवऱ्याच्या हवाली केलं आणि मुडशिंगीला माहेरी राहायला आले. लक्ष्मीपुरीतल्या ज्या चष्म्याच्या दुकानात मी काम करते, तिथल्या मालकांनी दुपारी आलीस तरी चालेल म्हणून सांगितलं. त्यांचे उपकार मी अजून विसरलेली नाही, जरी त्यांच्याशी रोज भांडत असले तरी.

आईचा आवाज म्हणजे एरवी तीन शेतं ओलांडून जाणारा. म्हशीला बोलते आहे की माणसाला, हे ऐकणाऱ्याला कळायचं नाही. ऑपरेशननंतर तो आवाज गेलाच. विचारलं तर व्हय किंवा न्हाय, नाहीतर तेही नाही. तोड कशी चालली आहे, म्हैस किती देते, भावाच्या पोरीचा ताप उतरला का, कशाचीच चौकशी नाही. डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर ओढायची आणि पडून राहायची. तिला दुखतं आहे म्हणून गप्प आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. मला स्वतःला ते फारसं पटत नव्हतं.

एसटीनं नेलं तर तिचे हाल व्हायचे. काखेपासून खालपर्यंत जखम, वरून लाईटनं भाजलेली कातडी. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिच्या तोंडावर दिसायचा. गाडीत आडवं होता यायचं. म्हणून भाऊ सकाळी मोटारसायकलवरून आम्हाला वळिवडे स्टेशनला सोडायचा, बैलाच्या चालीनं गाडी चालवत, आणि तिथून आम्ही रेल्वेनं पुढं.

आता त्या गाडीचं सांगते. नेहमी तिला दहा डबे असायचे. त्या हिवाळ्यात पाच. डब्यांची एक अख्खी माळ असते, तिला रेक म्हणतात, हे मला तेव्हाच समजलं. त्या माळेतले काही डबे दुरुस्तीला गेले होते ते आलेच नाहीत, काही दुसरीकडच्या जादा गाड्यांना जोडले, आणि आमच्या वाट्याला उरले पाच. माणसं मात्र दहा डब्यांचीच होती. रोज अप-डाऊन करणाऱ्यांची आपापली उभं राहायची जागा ठरलेली असते, कुणी पिंपळाजवळ, कुणी नळाजवळ. गाडी आली की निम्म्या माणसांसमोर डबाच नसायचा आणि सगळी पाच डब्यांच्या दिशेनं पळत सुटायची. जेवणाचे डबे आणि पिशव्या सांभाळत, एकमेकांच्या नावानं ओरडत. एखाद्या दिवशी गाडी यायचीच नाही. रेक नाही, एवढंच उत्तर मिळायचं.

पहिल्या दिवशी मी आईला धरून तिसऱ्या डब्यात कशीबशी चढवली. दारात माणसं, वाटेत माणसं, वरच्या फळीवर पाय सोडून बसलेली माणसं. आणि दाराजवळचा पहिलाच कप्पा, समोरासमोरची दोन्ही बाकं, रिकामी. मला संशय आला. मी नाकाला पदर लावून विचारलं, इथं कुणाला उलटी झाली आहे का? एक पन्नाशीचा माणूस हसला. पांढरी टोपी, हाताच्या नखांत कायमचं बसलेलं ग्रीस. हे दस्तगीरभाई. कबनूरला यंत्रमाग दुरुस्त करायचं काम करत, कोल्हापुरातून बसून हातकणंगल्याला उतरत आणि पुढं जात.

"ह्यो पेशंटचा कप्पा हाय, ताई," ते म्हणाले. "निजवा आईस्नी. हितं कोन बसत न्हाय."

मिरजेला दवाखाने किती आहेत हे इकडच्या माणसाला सांगायला नको. रोज गाडीत कुणी ना कुणी दुखणाईत असतोच. तर तिसऱ्या डब्यातला पहिला कप्पा त्यांचा, हा त्या गाडीचा रिवाज. कुणी ठरवला, कधी ठरवला, कुणाला माहीत नाही. लिहिलेलं तर कुठंच नाही. दहा डबे होते तेव्हा तो पाळणं सोपं होतं. पाच डब्यांत माणसं एका पायावर उभी असताना, सगळ्या कप्प्यात एकच पेशंट असतानाही, समोरचं बाक रिकामंच राहायचं. दुसरा पेशंट पुढच्या स्टेशनवर चढला तर? मला त्या दिवशी काय वाटलं ते खरंच सांगते. मला वाटलं, ही माणसं वेडी आहेत. मग मी आईच्या पायाशी बसले, तिच्या पायांवर शाल घातली आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या सकाळींचे तुकडे अजून माझ्याजवळ आहेत. पंचगंगेच्या पुलावर चाकांचा बदललेला आवाज. खाली धुकं, पाणी दिसतच नाही. रुकडीला चढणाऱ्या सुनंदा सिस्टरांच्या अंगाला येणारा साबणाचा वास. या मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स, दिवसभर उभ्याच, आणि गाडीतही उभ्या. जयसिंगपूरच्या शाळेतले एक मास्तर रोज पेपर मोठ्यानं वाचायचे, कुणी सांगितलेलं नसताना. त्यावर वाद व्हायचे. हातकणंगल्याच्या फाटकात ट्रॉली अडकली की गाडी थांबायची आणि सगळा डबा मिळून त्या ट्रॉलीवाल्याला सल्ले द्यायचा. कुणीतरी गुऱ्हाळावरून गरम गूळ आणलेला असायचा, तो कागदावर हातोहात फिरायचा. आईसमोर आला की ती पदर बाजूला करायची नाही. मी तिच्या वाटणीचा खडा रुमालात बांधून ठेवायची आणि तो परत घरी यायचा.

एका बुधवारी गाडी आलीच नाही. आम्ही एसटीनं गेलो. त्या प्रवासाबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही. आईनं माझा दंड धरला होता, आणि रात्री मी बघितलं तर चार बोटं काळीनिळी उमटली होती. परत येताना ती एकच वाक्य बोलली. म्हणाली, ह्या वाटनं मी फिरून येनार न्हाय. मी म्हटलं, उद्या गाडी असेल. ती म्हणाली, गाडी हाय तवर येतो. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो' म्हणतात, त्यात नेहमी एक ठसका असतो. त्या दिवशी तो नव्हता.

आणि मग आम्ही सगळ्यांनी मिळून ती चूक केली. अशी चूक कोल्हापूरचीच माणसं करू शकतात.

स्टेशनवरच्या चहावाल्याकडून बातमी आली की वरच्या कार्यालयातली माणसं गुरुवारी गाडीत येणार, प्रवासी मोजणार. या गाडीला डबे परत द्यायचे की आहेत तेही दुसरीकडं लावायचे, हे त्यावर ठरणार. डब्यात आनंदीआनंद झाला. दस्तगीरभाईंनी चालत्या गाडीत बैठक घेतली. पाहुणे येणार म्हटल्यावर डबा कसा पाहिजे, यावर सर्वांचं एकमत झालं. साहेब लोकांना पाय ठेवायला जागा पाहिजे, त्यांचे कपडे चुरगळता कामा नयेत, कुणी दारात लोंबकळता कामा नये, गावाची अब्रू आहे. म्हणून तरण्या पोरांनी त्या दिवशी एसटीनं किंवा मोटारसायकलवरून जायचं ठरलं. चाळीसभर जण एका शब्दात तयार झाले. ही बातमी बाकीच्या डब्यांना लागली. तिसरा डबा एवढं करतो म्हटल्यावर ते कशाला मागं राहतील? त्यांनीही आपापली माणसं उतरवली.

गुरुवारी मी डब्यात चढले आणि बघतच राहिले. खाली झाडलेलं, खिडक्या पुसलेल्या, दाराला झेंडूचं तोरण. माणसं बाकांवर सुटसुटीत बसलेली, हळू आवाजात बोलणारी. मोजणारे दोघं होते. त्यातला मोठा, निवृत्तीला आलेला, सौम्य माणूस होता. त्याला गूळ दिला, शेंगा दिल्या, चहा दिला. त्यानं सगळं आवडीनं खाल्लं आणि म्हणाला, एवढी व्यवस्थित गाडी मी पाहिली नाही. आम्ही फुगलो. त्याच्या चष्म्याची काडी सैल होती आणि काचांवर बोटांचे ठसे होते. असला चष्मा दिसला की माझे हात शिवशिवतात. मी तो मागून घेतला, पर्समधल्या छोट्या पेचकसानं स्क्रू आवळला, काचा लख्ख पुसून दिल्या. मग त्या स्वच्छ काचांतून त्यानं आमची रिकामी बाकं मोजली आणि पुढच्या डब्यात गेला. आमच्या कप्प्यासमोर त्यानं एक लिहिलं. आई निजली होती, ती एक. मी तेव्हा पेचकस पर्समध्ये परत ठेवत उभी होते, म्हणून मी त्यातही नव्हते.

पुढच्या आठवड्यात स्टेशनवर कागद लागला. प्रवासी कमी आणि डब्यांची टंचाई, यामुळं सकाळची गाडी अमुक तारखेपासून पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. मी तो कागद तीनदा वाचला. आईचे तेव्हा अकरा लाईट राहिले होते आणि गाडीचे आठ दिवस.

दस्तगीरभाई त्या दिवशी माझ्याकडं बघत नव्हते. हातकणंगले आलं तेव्हा म्हणाले, "आपल्याच हातानं केलं की वो, ताई. पावणं पावणं करत." मला त्यांचा राग आला नाही, कारण पेचकस माझ्याच पर्समध्ये होता.

आईला मी लपवूनच ठेवणार होते. पण डब्यात दुसरा विषयच नव्हता. घरी परतल्यावर तिनं मला पुढच्या सोप्यात बोलावलं आणि कितीतरी दिवसांनी नीट माझ्याकडं बघून बोलली. "बरं झालं. आता गाडीच न्हाय म्हटल्यावर कुनाचा विलाज न्हाय. गाडी हाय तवर जाऊ, मग बास." तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटका होती. भाऊ म्हणाला, जीप करू. ती म्हणाली, रस्ता त्योच की. मी डॉक्टरांचं सांगितलं, पंचवीस म्हणजे पंचवीस, मधेच सोडलं तर एवढं सोसलेलं वाया जाईल. तिनं पदर ओढून घेतला. त्या दुपारी मला कळलं की तिच्या दुखण्याला मी जेवढी घाबरत होते त्याहून जास्त या 'बास'ला घाबरत होते. मी गोठ्यात जाऊन रडले. म्हैस माझ्याकडं शांतपणे बघत होती. त्यानंतर किती लाईट झाले, किती राहिले, हे मी आईसमोर कधी काढलं नाही. म्हटलं, आकडा ऐकला की ही तेवढ्यावरच अडून बसायची.

गाडी राहिली, हे आता सांगायला हरकत नाही. परवा फाट्यावर मी ऐकली ती तिचीच शिट्टी. बंदचा कागद काढून टाकला, डबे महिनाभरानं दोन-दोन करत परत आले, गेल्या वर्षापासून नवे कोरे डबे लागले आहेत. आता पळापळ नाही. आईही आहे. डॉक्टर आता वर्षातून एकदाच बोलावतात. मध्ये एकदा भावजय फोनवर तक्रार करत होती की आत्या, म्हणजे आमची आई, पहाटेपासून कुणावर तरी ओरडत असतात, आणि मागून तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी भावजयीला वरवर हो ला हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच हसत बसले. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, मी त्यालाच हसते आहे.

सुटका झाल्यावर माणूस भीती विसरतो म्हणतात. माझं तसं झालेलं नाही. या दिवसांत, उसाच्या वासाबरोबर, ती भीती थोडी परत येते. पण तिच्या मागोमाग आता सगळं ठीक आहे हेही आठवतं, आणि ते दरवर्षी नव्यानं कळल्यासारखं वाटतं. म्हणून मला हा हंगाम आवडतो. घरात कुणाला हे सांगितलं नाही, कारण ट्रॉल्यांवर चिडणारी बाई म्हणून माझी ख्याती आहे, ती घालवायची नाही.

तर गाडी बंद होणार हा कागद लागल्यावर आम्ही अर्ज केला. मजकूर मी लिहिला, कारण माझं अक्षर बरं आहे. बहाणे लिहिण्यात अर्थ नव्हता, म्हणून खरं तेच लिहिलं. आपली माणसं मोजायला आली त्या दिवशी त्यांना चेंगरायला होऊ नये म्हणून आम्ही आमची माणसं एसटीनं पाठवली, ही आमची चूक झाली, तरी न कळवता एकदा परत यावं. स्टेशनमास्तर वाचून आधी हसले. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि त्याच दिवशी पुढं पाठवला.

मोजणाऱ्यांतला तो मोठा माणूस एका मंगळवारी आला. एकटा, न कळवता. आम्ही वळिवड्याला चढलो तेव्हा तो दारातच होता. एका हातात फॉर्म उंच धरलेला, दुसऱ्या हातानं वरची कडी पकडलेली, चष्मा कुणाच्या तरी कोपरानं तिरका झालेला. घाम पुसायलाही त्याला हात मोकळा नव्हता. चार माणसांनी मिळून मला आणि आईला आमच्या कप्प्यात पोचवलं. आई निजली, पदर ओढला. मी पायाशी बसले. समोरचं बाक रिकामं. त्या बाकाच्या कडेला गुडघे टेकवून माणसं उभी होती, त्यांच्या मागं माणसं, त्यांच्या मागं माणसं.

तो गर्दीतून वाट काढत आमच्यापर्यंत आला आणि त्या रिकाम्या बाकाकडं बघत राहिला. ही जागा रिकामी का, त्यानं विचारलं. दस्तगीरभाई ओशाळून म्हणाले, पेशंटची आहे. त्यानं कपाळावर हात मारायचा तेवढा बाकी ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगितलं की डब्यात बाक रिकामं दिसलं तर उभी असलेली माणसं मोजणीत येत नाहीत. जागा असून हौसेनं उभे राहिले, असं धरतात. "मला दिसतंय सगळं," तो म्हणाला. "पण फॉर्मला दिसत नाही. बसा कुणीतरी."

दस्तगीरभाईंनी मागं वळून हाक दिली, बसा रे पोरांनो. कुणी बसलं नाही. मास्तरांनी पेपराची घडी घातली, परत उघडली. दस्तगीरभाई स्वतःही बसले नाहीत. माझा तोल गेला. मी सगळ्यांवर ओरडले, अहो गाडी जाईल, बसा की आता. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. एका तरुण मुलानं बाकावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. इतकी वर्षं जिथं बसायचं नाही, तिथं एका दुखणाईत बाईच्या देखत बसायचं त्यांच्या अंगात नव्हतं. पूल मागं पडला, रुकडी आलं, सुनंदा सिस्टर चढल्या आणि नेहमीसारख्या कप्प्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. फॉर्मवर पेन्सिल थांबलेली.

तेव्हा आई उठून बसली. मी धरायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला. खिडकीकडं सरकली, पदर मागं घेऊन खोचला, शेजारच्या फळीवर हात आपटला, आणि तो आवाज आला, तीन शेतं ओलांडून जाणारा.

"सुनंदा, बस हितं. पायाच्या शिरा तटाटल्यात म्हनून रोज कन्हतीस, आन् उभी ऱ्हातीस व्हय? मास्तर, पेपर बसून वाचा, तेवढाच आवाज खाली जाईल. दस्तगीरभाई, थोरल्या लेकीचं जमलं न्हवं तुमच्या? मग बसा की निवांत. बसा समदी. मी सांगतोय न्हवं."

चार आठवडे पदराआड मिटलेले डोळे, आणि मला वाटायचं ही या जगातच नाही. तिला डब्यातल्या एकेकाचं नाव माहीत होतं, कुणाच्या घरी काय चाललंय ते माहीत होतं, कुणाचा पाय दुखतो तेही. सगळं ऐकून ठेवलं होतं.

मग बसले. आधी सुनंदा सिस्टर, तिच्याजवळ अगदी टेकून. मग मास्तर, मग दस्तगीरभाई, मग दोन्ही बाकांवर मावतील तेवढे आणि त्याहून दोन जास्त. मोजणाऱ्यानं पेन्सिलीच्या टोकानं एकेकाला मोजलं, लिहिलं, मग टाचा उंचावून दारापर्यंतची उभी माणसं मोजायला लागला. त्याला वेळ लागला. ते झाल्यावर त्यानं फॉर्मची घडी केली आणि पुढच्या डब्याकडं निघाला, तोच आईनं हाक मारली.

"सायेब, मला धरलंसा का न्हाय?"

त्यानं घडी उघडून बघितली. "धरलं की, मावशी. खिडकीजवळ एक."

"मग फुडचं बी धरा," आई म्हणाली. "आजचा धरून सात दिस ऱ्हायल्यात माझं. सातबी दिस येनार हाय मी."

गाडीचे त्या दिवशी चारच दिवस राहिले होते. मी जागेवरून उठले आणि त्या गर्दीत उभी राहून रडले, कुणाला दिसतंय याची पर्वा न करता. तिच्याकडचा आकडा बरोबर होता, आणि मी तो तिला सांगितला नव्हता.